अंतर जाईने ठरवायचं

मे संपत आला की गोव्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रेच्या किनाऱ्यांवरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, मोडायला घेतात. झावळ्या उतरतात, खुर्च्या टेंपोत चढतात, कामगार आपापल्या गावी निघतात. ऑक्टोबरपासून तिथल्या उरल्यासुरल्या अन्नावर जगलेली कुत्री मात्र तिथेच राहतात. पाऊस सुरू झाला की ती वाड्यांकडे सरकतात, तिथल्या कुत्र्यांशी मारामाऱ्या करतात, काही वाहनांखाली सापडतात. आमची कुत्री जाई अशाच एका पावसाळ्यात प्राण्यांच्या निवाऱ्यात आली होती. ती नेमकी कुठून आली, आधी कुणाकडे होती का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागचा डावा पाय दुखावलेला, अंगावर गोचिड्या आणि माणूस दिसलं की भिंतीकडे तोंड.

आम्ही गेलो तेव्हा बाकीची कुत्री जाळीला पंजे लावून उभी होती. ही कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. पाठीवरचे केस थरथरत होते, पण ती स्वतः हलत नव्हती. तिथे काम करणारी मुलगी म्हणाली, "हिला कुणीच मागत नाही. लोकांना पिल्लं हवी असतात, नाहीतर धावत येणारी कुत्री." मी तिथे फार वेळ विचार केला नाही. घरी आमचा म्हातारा टायगर होता, माणसांवर आणि कुत्र्यांवर सारखाच जीव लावणारा. घर म्हार्दोळला, मागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, रस्ता लांब. भेदरलेल्या कुत्र्याला लागते ती शांतता आमच्याकडे होती.

फॉर्म भरला. मग निवाऱ्याचं माणूस घर बघायला आलं. फाटकाच्या सळ्यांतून कुत्रं निसटेल का, कुंपण कुठे मोडलंय, दिवसभर घरी कोण असतं, साखळीने बांधणार का, हे सगळं विचारून गेलं. जमलं नाही तर कुत्रं रस्त्यावर न सोडता निवाऱ्यालाच परत द्यायचं, अशी अट होती. काहींना ही चौकशी जाचक वाटते. मला ती फार मोलाची वाटली, कारण भेदरलेलं कुत्रं एकदा निसटलं की त्याला परत पकडणं जवळपास अशक्य असतं. हाक मारून येणारं ते कुत्रं नव्हेच.

सासूबाईंची शंका वेगळी होती. "चावली तर?" जाईच्या कानाला खाच होती, म्हणजे तिचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झालेली. गोव्यात अनेक वर्षं गावोगावी कुत्र्यांना जाळ्यात धरून लस टोचण्याचं मोठं काम झालं आहे आणि २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून गोवा जाहीर झाला. हे आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीकडे बघितलं, "याच्या पायाशी चार असतात," म्हणाल्या आणि तो विषय तिथे संपला.

पिंजऱ्यावर चादर टाकून तिला गाडीने आणलं. स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत तिची जागा केली: जुन्या पलंगाखाली गोधडी, पाणी, आणि दाराला अर्धी फळी, म्हणजे आवाज कळतील पण कुणी आत येणार नाही. ती पलंगाखाली गेली आणि तिथेच राहिली. आम्ही जागे असताना खायची नाही. रात्री सगळे झोपले की ताटली रिकामी व्हायची.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "किती शांत आहे गो! काही त्रासच नाही." ही शांतता ओळखायला हवी. पळून जायला वाट नाही आणि लढायचं बळ नाही, असं झालं की कुत्रं गोठून जातं. जेव्हा ते पहिल्यांदा भुंकतं, गुरगुरतं, पळून दुसऱ्या खोलीत जातं, तेव्हा ते सावरू लागलेलं असतं. निवाऱ्यांतली माणसं एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. बऱ्याच कुत्र्यांना तो लागू पडतो. जाईसारखीला तो लागू पडत नाही, आणि पडला नाही म्हणून काळजीही करू नये.

आणखी एक गोष्ट. जाई झाडूला घाबरायची, काठीला घाबरायची, हेल्मेट घातलेल्या माणसाला तर फारच. तिला मारलं असणार, असं जो तो म्हणायचा. असेलही. पण पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेतं. त्या काळात ज्या गोष्टी चांगल्या अनुभवासोबत भेटल्या नाहीत, त्या पुढे जन्मभर धोक्याच्या वाटू शकतात. झाडूने कधीच मारलं नसेल, झाडू कधी जवळून बघितलाच नसेल, तरी कुत्रं झाडूला भिऊ शकतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण मारलेलं कुत्रं म्हटलं की माणसं दयेने भरून जाऊन त्याला मिठी मारायला धावतात, आणि त्याला नेमकी तीच नको असते.

पहिलं काम फोंड्याच्या डॉक्टरांकडे नेण्याचं. हिरड्या फिकट होत्या, ताप होता. रक्त तपासलं, गोचीडताप निघाला. गोव्याच्या दमट हवेत गोचिड्या बारा महिने असतात आणि हा आजार आपल्याकडे सर्रास होतो. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चाललं, पायावर वेदनाशामक. ताप उतरल्यावर ती आमच्यासमोर पाणी प्यायला लागली. दुखणारं अंग माणसाला हात लावू देत नाही, मग आपण त्यालाच भित्रेपणा म्हणतो. म्हणून शिकवण्याच्या गोष्टी डॉक्टरांच्या नंतर.

आता मुख्य भाग, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

बहुतेक माणसं भेदरलेल्या कुत्र्याला हातातून खाऊ देतात. हात पुढे, तळव्यावर कलेजीचा तुकडा, तोंडाने चुचकारणं. कुत्रं भुकेलं असेल तर ते अंग ताणून, मागचे पाय मागेच ठेवून, मान लांब करून येतं, तुकडा घेतं, आणि तुकडा संपला की त्याच्या लक्षात येतं की आपण माणसाच्या फार जवळ आलो आहोत. मग ते दचकून मागे पळतं, नाहीतर हाताला दात लावतं. भुकेने त्याला ओढत आणलेलं असतं, मनाने ते आलेलं नसतं.

निवाऱ्यातल्या त्या मुलीने मला उलटं शिकवलं. तुकडा कुत्र्याच्या पलीकडे टाकायचा. मी दाराशी बाजूला तोंड करून बसायची, तिच्याकडे थेट न बघता. एक तुकडा तिच्या पलंगाच्या अलीकडे टाकायची. ती बाहेर येऊन तो खायची. लगेच दुसरा तुकडा तिच्या मागे, माझ्यापासून दूर टाकायची. तिला वळून दूर जायला मिळायचं. दूर जाण्यात तिला सुटका मिळाली, आणि सुटका हेच तिचं खरं बक्षीस. मग ती पुन्हा वळायची, कारण आता येण्यात धोका नव्हता. जवळ यायचं, दूर जायचं, पुन्हा यायचं, हे तिच्या पायांनी ठरत होतं. प्रत्येक वेळी ती थोडी अधिक पुढे यायची. किती पुढे, हे मी कधीच ठरवलं नाही.

या बसण्यात मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची, अगदी मृत्यूच्या जाहिरातींपर्यंत. आवाजाची सवय व्हावी एवढाच हेतू. वाचता वाचता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे लक्ष असायचं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खायला काही नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, पुढचा एक पाय उचलून थांबणं: हे सगळं कुत्र्याचं "पुरे" म्हणणं असतं. ते दिसलं की मी उठून जायची. आणि अंग झटकलं, भिजलेलं नसताना भिजल्यासारखं, तर समजायचं की ताण उतरला.

खाऊचाही विचार करावा लागला. कोरडे बिस्किटासारखे दाणे तिच्या भीतीपुढे टिकले नाहीत. कोंबडीची कलेजी उकडून, तव्यावर कोरडी करून, नखाएवढे तुकडे करून ठेवायचे, तेच चाललं. सोमवारी घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, त्या दिवशी पनीर. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तिला वेड लावायची, पण त्यांत मीठ फार, म्हणून ती कित्येक पाण्यांतून काढून अगदी क्वचित. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मात्र कुत्र्याच्या आसपासही नको. चतुर्थीच्या पंचखाद्यात बेदाणे असू शकतात, हे लक्षात ठेवावं.

इतकं सगळं मी करत होते आणि जाई पहिल्यांदा गेली ती सासूबाईंकडे. श्रावणातली दुपार होती. आमच्याकडे जाईच्या फुलांचे मळे, त्यामुळे आई खाली पाट टाकून वळेसर, म्हणजे फुलांचे गजरे, गुंफत बसल्या होत्या. त्यांना कुत्र्यांचं कौतुक कधीच नव्हतं. त्यांनी जाईकडे कधी बघितलं नाही, बोलावलं नाही, तिच्यासाठी आवाज बदलला नाही. जाई पलंगाखालून निघाली, भिंतीच्या कडेने आली, आणि त्यांच्या पदराचं टोक हुंगून तिथेच बसली. आईंनी हातातलं फूल खाली ठेवलं नाही की मान वळवली नाही. खालच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "बसूं दे. तू उठू नको." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तशीच उभी राहिले.

मला त्या दिवशी फार आनंद झाला. तिच्याकडून काहीच नको असणारं माणूस तिने निवडलं होतं. त्यानंतर मी माझं बसणंही बदललं. तिच्यासाठी बसायच्याऐवजी तिच्या खोलीत माझं काम घेऊन बसू लागले: भाजी निवडणं, वह्या तपासणं, कपड्यांच्या घड्या.

हात लावण्याची वेळ त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. त्याची पद्धत अशी: डोक्यावरून हात न्यायचा नाही, छातीला किंवा खांद्याला बोटांच्या मागच्या बाजूने तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रं पुन्हा टेकलं तर पुन्हा तीन सेकंद. नाही टेकलं तर झालं. आमच्या मुलाला, तो तेव्हा आठवीत होता, हे सर्वांत आधी जमलं. मुलांना नियम दिला की ती तो मोठ्या माणसांपेक्षा चोख पाळतात.

टायगरचा उपकार मोठा. सकाळी मी पडवीत आले की तो माझ्या पायांवर अंग टाकायचा आणि जाई लांबून बघायची. बुजऱ्या कुत्र्याला निर्धास्त कुत्र्याकडून जे कळतं ते माणूस सांगू शकत नाही. पण दोघांची ताटं वेगळी, खोल्या वेगळ्या, आणि टायगरला कंटाळा आला की त्याला वर झोपायला जागा. म्हाताऱ्या कुत्र्यावर नव्या कुत्र्याचा भार पडू नये.

आवाजांचं काम वेगळं करावं लागलं. सर्वांत आधी पोदेराचा भोंपू. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर फाटकाशी भोंपू दाबायचा आणि जाई न्हाणीघरात जाऊन लपायची. ती लपली तरी मी दर भोंपूनंतर कलेजीचा तुकडा टाकत राहिले. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग तुकडा. उलटं केलं तर कुत्रं खाऊलाच भ्यायला लागतं, कारण खाऊ दिसला की आता भीतीदायक काहीतरी येणार, हे त्याला कळतं. पोदेराला एकदा सांगितलं तर तो दुसऱ्या दिवसापासून आमच्या वळणावर लांबूनच हलकेच भोंपू वाजवायला लागला. रोज विचारायचा, "वयनी, अजून भियेता गो तें?" काही आठवड्यांनी भोंपू वाजला की जाई न्हाणीघराकडे जाण्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

चतुर्थीचं घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य, त्याहून अवघड. आमच्याकडे पाच दिवस गणपती, रोज रात्री आरत्या, घुमट, शामेळ, कासाळं अशी वाद्यं, आणि घरात पाहुणे. आधीचे काही आठवडे फोनवर घुमट-आरती लावली, इतक्या बारीक आवाजात की मलाच कान द्यावा लागायचा. त्या आवाजात ती जेवायची. ती निवांत जेवली तरच दुसऱ्या दिवशी आवाज एक घर वर. जेवण थांबवून कान मागे पाडले की दोन घरं खाली. एवढं करूनही प्रत्यक्ष आरतीला मी तिला माजघरात आणलं नाही. मागच्या खोलीचं दार लावून, पंखा मोठा करून, चघळायला हाड देऊन तिला तिथे ठेवलं, आणि मुलगा तिच्याजवळ अभ्यास करत बसला. पाहुण्यांना निरोप आधीच दिला होता: कुत्रं बघायला मागू नका. काही रुसले. त्यांचा रुसवा दिवाळीपर्यंत गेला.

या सगळ्यात सल्ले पुष्कळ मिळाले. एका ओळखीच्या गृहस्थांनी फटाक्यांच्या जवळ बांधून ठेवायला सांगितलं, "सवय होईल". सवय होत नाही. कुत्रं हताश होतं आणि बाहेरून ते सवय झाल्यासारखं दिसतं. दुसऱ्या एकाने गुरगुरली की काठी दाखवायला सांगितलं. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सभ्य सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावतं, आणि मग माणसं म्हणतात, काही कारण नसताना चावलं. आणखी एक समज असा की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते. भीती ही भावना आहे, ती लाडाने वाढत नाही. ते आपणहून अंगाला चिकटलं तर खुशाल धरावं.

बाहेर नेताना छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा, दोन्हींना वेगळ्या दोऱ्या. एकातून निसटलं तर दुसरी हातात राहते. रस्त्यावर नेण्याआधी कुळागरात लांब दोरीवर फिरवलं. पोफळींखाली ओलावा, पाटाचं पाणी, मुंगसाचा वास. तिला हवं तेवढा वेळ हुंगू द्यायचं, ओढायचं नाही. चालणं किती झालं ते मोजू नये. एकाच झाडाच्या बुंध्याशी तिची सगळी सकाळ गेली तरी चालतं, नाकाला काम मिळालं की तिचं मन निवळायचं. घरी आल्यावर गोचिड्या तपासायच्या, कानांत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली. या तपासणीचीही तिला तीन सेकंदांच्या हिशेबाने सवय केली.

दिवाळीतली नरकासुराची रात्र मात्र तिला पहिल्या वर्षी फार जड गेली. रात्रभर गाड्यांवरचे भोंगे, पहाटे नरकासुराचा पुतळा जाळताना फटाके. जाई थरथरत होती, लाळ गळत होती, आणि नंतर पुष्कळ दिवस ती पुन्हा पलंगाखाली. असं झालं की कुत्रं बिघडलं असं समजू नये, त्या दिवसांत नवं काही शिकवूही नये. मी पुन्हा दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसले, पुन्हा तुकडे पलीकडे टाकले. या खेपेला ती लवकर सावरली, वाट ओळखीची होती. पुढच्या दिवाळीआधी डॉक्टरांशी बोलून भीती कमी करणारं औषध घेतलं, आणि एका साध्या दिवशी अर्धं देऊन तिला ते मानवतं का हे बघून ठेवलं. काही औषधं नुसतं अंग सैल करतात, भीती आत तशीच राहते आणि कुत्र्याला हलताही येत नाही. म्हणून "झोपेचं काहीतरी द्या" असं न म्हणता औषध भीतीवर आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. माणसांच्या गोळ्या तर देऊच नयेत.

आज जाई पडवीत झोपते. पोदेर आला की शेपूट हलवते, त्याच्याकडे जात नाही. हेल्मेटवाल्यांवर भुंकते. अनोळखी माणसाने हात पुढे केला की तोंड वळवून निघून जाते, आणि आम्ही तिच्या बाजूने बोलतो: नको, तिला आवडत नाही. ती सगळ्यांची लाडकी व्हावी असं मला कधी वाटलं नाही. तिने घाबरल्याशिवाय झोपावं, खावं, उन्हात लोळावं, एवढं हवं होतं.

टायगर गेल्या वर्षी गेला. त्यानंतर काळू आला, महामार्गाच्या कडेला सापडलेला. त्याची भीती दुसऱ्या तऱ्हेची आहे: तो गोठत नाही, दात दाखवून अंगावर धावतो. लोक त्याला तापट म्हणतात. तुकडे मी त्याच्याही पलीकडेच टाकते, फक्त आमच्या दोघांमध्ये जाळीची फळी असते, आणि तो गुरगुरायच्या आधीच मी थांबते. जाई त्याच्यापासून चार हातांवर पडून बघत असते, टायगर तिच्यासाठी पडून राहायचा तशी.

जून आला की निवारे पुन्हा भरतात. दत्तक घेणं जमत नसेल तर पावसाळ्यापुरतं एखादं कुत्रं घरी ठेवून घेता येतं. खर्च आणि औषधं पुष्कळदा निवाराच बघतो, आपण खोली आणि वेळ द्यायचा. असं विचारायला गेलात तर जाळीशी उभी असलेली बघून झाल्यावर कोपऱ्यातलं कुठलं आहे, तेही विचारा.